रेघ ठेवू की खाऊ?

दाऊदभाई गेल्याचं मला बुधवारी सकाळी कळलं. फ्रिजवर चिकटवलेल्या माझ्या यादीत त्यांचं नाव शुक्रवारखाली होतं. ‘दाऊदभाई – फोन – साडेबारा’ असं मी सवयीने वेळेसकट लिहून ठेवलं होतं. इथे अरबी मुलखात, यान्बूत, साडेबारा म्हणजे त्यांच्याकडे, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात, दुपारचे तीन. नमाज आणि जेवण आटपून ते ओटीवर निवांत बसलेले असणार, असा माझा हिशोब होता. बुधवारी त्यांच्या मुलीचा, सायराचा, छोटासा आवाजी निरोप आला. “बाई, अब्बा गेले. पहाटे नमाजाला उठले, वजू करून बसले, ते बसलेच...” मी तो दोनदा ऐकला. मग यादीपाशी जाऊन उभी राहिले आणि बराच वेळ मला कळेना, की त्या ओळीवर काट मारायची की नाही.

मला त्यांची माफी मागायची होती. कशाबद्दल, ते मला त्याच्या अकरा दिवस आधीच कळलं होतं. खरं तर त्याच दिवशी फोन लावायला हवा होता. पण मी आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, माफीसुद्धा मुद्देसूद मागायला गेले. वहीत एक, दोन, तीन असे मुद्दे काढले, शब्द खोडले, पुन्हा लिहिले, आणि त्यात अकरा दिवस घालवले.

मिहिर आणि अन्वी, हे ज्या पुरवणीत छापून येईल ती मेलबर्नला तुमच्यापर्यंत कशी पोचणार, मला माहीत नाही. तुमची आई कात्रणाचा फोटो काढून वाचून दाखवेल, आणि तुम्ही नेहमीसारखे मध्येच “मीन्स व्हॉट?” विचाराल. पण हे तुम्ही ऐकायलाच हवं, कारण ‘आजीची नऊ शीटं’ ही गोष्ट मी तुम्हाला दर सुट्टीत सांगत आले आहे. नऊ प्लायवूड शीटांतून शाळेच्या वाचनालयासाठी बारा कपाटं, एक बोटभर तुकडासुद्धा वाया नाही, आणि हे सगळं आजीच्या एका आलेख-कागदाच्या जोरावर. ती गोष्ट मी चुकीची सांगितली. आता बरोबर सांगते.

दाऊदभाई आमच्या वसाहतीच्या देखभाल विभागात सुतार होते. तुमचे आजोबा इथल्या प्लांटवर रुजू झाले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी स्वयंपाकघरात फळ्या हव्यात म्हणून तक्रार नोंदवली आणि दारात एक उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल खोचलेले गृहस्थ उभे राहिले. मी हिंदीत सुरुवात केली. त्यांनी माझ्या हिंदीकडे दोन वाक्यं लक्ष दिलं आणि म्हणाले, “बाई, मराठीत बोला. तुमची हिंदी माज्यासारखीच हाय.” मी शाळेत शिकवते हे त्यांना कळायच्या आधीपासून मी त्यांची ‘बाई’ झाले ती अशी. फळ्यांसाठी त्यांनी माप घेतलं नाही. मला म्हणाले, बरण्या काढा. मी चोवीस बरण्या ओट्यावर मांडल्या, इंग्रजी वर्णमालेप्रमाणे, कारण मी तशाच ठेवत असे. त्यांनी त्या उंचीप्रमाणे लावून टाकल्या आणि म्हणाले, “हळद एचमधी कशाला शोधायची? हात जाईल तिथं ठेवा. आनि ठेंगण्या बरणीवर रिकामी हवा ठेवली, तर ती हवापन लाकडातच धरावी लागते.” दोन दिवसांनी फळ्या आल्या. प्रत्येक खण वेगळ्या उंचीचा, आणि सगळं लाकूड प्लांटवर यंत्रं घेऊन आलेल्या खोक्यांचं. तुम्ही इथे आलात तेव्हा ज्या फळीवरून चिवड्याचा डबा पळवला होता, ती तीच.

त्यांचे वडील आणि आजे होड्या बांधायचे. दाऊदभाई सांगत, की त्यांच्या घरी फळीला करवत लावायच्या आधी एक दिवस ती नुसती बघायची असते. इकडे ते आले तेव्हा त्यांना सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली लाकडी साचा उभारायच्या, कामावर टाकलं होतं. स्लॅब पडला की खालचं लाकूड उखडून फेकायचं, हेच काम. एकदा मला म्हणाले, “बाई, पयल्या वर्षी मना जेवान जायचं नाय. एवढं लाकूड मी बापजन्मात बघितलं नवतं, आनि एवढं फेकलेलं तर नायच नाय.” पुढे वसाहतीच्या वर्कशॉपमध्ये बदली झाल्यावर त्यांनी आपली रीत बसवली. नवं काम आलं की आधी तुकड्यांच्या कप्प्यात शोधायचं, तिथे नाहीच मिळालं तर अखंड फळीला हात लावायचा. कापायला घेतलं तर एका कामाचं कापायचं नाही, आठवड्याची सगळी कामं एका पुठ्ठ्यावर लिहायची, सर्वांत मोठा तुकडा आधी काढायचा आणि उरलेल्यात बाकीचे बसवायचे. फळीत गाठ किंवा भेग असली, तर तेवढा भाग कापून टाकायचा नाही, तो भिंतीकडे किंवा खालच्या अंगाला वळवायचा. खोकी फोडताना ते हातोडा वापरत नसत. फटीत पाचर सारून हळूहळू फळी सोडवत, म्हणजे ती चिरत नाही. त्यांच्याबरोबरचे लोक चिडवायचे, “दाऊदभाय लकडी का डॉक्टर है, डिलिव्हरी करता है.” ते हसायचे आणि पाचर आणखी एक केसभर आत सारायचे.

सुट्टीवरून परतताना ते माझ्यासाठी आमसुलं आणि फणसाची साठं आणत. मी त्यांची पत्रं, अर्ज, इकाम्याचे, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचे, फॉर्म इंग्रजीतून भरून देत असे. आमचं जमायचं, कारण दोघांनाही पसारा सोसत नसे. फरक एवढाच, की माझी शिस्त कागदावरची होती आणि त्यांची हातातली. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता...

वाचनालयाची हकिकत अशी. आमच्या शाळेला एका बंद झालेल्या साइटवरून नऊ कोरी प्लायवूड शीटं भेट मिळाली. पालक समितीचं मत होतं, की लोखंडी रॅक मागवावेत, प्लायवूड प्रदर्शनाच्या स्टॉलला ठेवावं. मी हट्ट धरला, की याच शीटांतून वाचनालय होईल. एका रात्रीत आलेख-कागदावर आखणी केली. शीट आठ फूट बाय चार फूट. चार फुटांत एक-एक फुटाच्या बरोबर चार पट्ट्या. आठ फुटांत बत्तीस इंचांचे बरोबर तीन तुकडे. कपाटाची उभी बाजू म्हणजे असेच दोन तुकडे सलग. तीन पट्ट्यांत एक कपाट, नऊ शीटांत बारा कपाटं, आणि उरतं शून्य. मला तो कागद इतका आवडला, की मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि मूळ प्रत फाईलला लावली. समितीचे अध्यक्ष मल्याळी होते, भला माणूस. ते म्हणाले, “मॅडम, एक शीट एक्स्ट्रा मंगवा लेते हैं, सेफ्टी के लिए.” मी म्हटलं, “एकही नको. यातून एक पट्टी जरी कमी पडली, तर मी स्वतः लोखंडी रॅकच्या अर्जावर सही करीन.” असं सगळ्यांसमोर बोलून बसले.

दाऊदभाई शुक्रवारी नमाजानंतर आले, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. अंगणात शीटं मांडली होती. समितीचे पाच-सहाजण कौतुकाने जमले होते. त्यांनी माझा कागद हातात घेतला, उन्हात धरला, बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “बाई, रेघ ठेवू की खाऊ?”

मला प्रश्नच कळला नाही. ते पुन्हा म्हणाले, “तुमी ही रेघ मारलीत. करवत रेघेच्या अल्याड धरू, पल्याड धरू, की रेघेवरच चालवू?”

मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढे मी ते विनोद म्हणून कितीतरी वेळा सांगितलं. मी म्हणाले, “दाऊदभाई, रेषेला फक्त लांबी असते. जाडी नसतेच. आमच्या भूमितीचा पहिलाच धडा आहे तो. रेषेवरच चालवा.” समिती हसली. अध्यक्षांनी तर टाळी दिली. दाऊदभाईसुद्धा थोडंसं हसले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “बरं बाई. रेषेवर.” मग आम्ही सगळे आत चहाला गेलो.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा छत्तीस पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या, सगळ्या एकसारख्या. पुढच्या शुक्रवारी बारा कपाटं उभी राहिली. “काही कमी पडलं?” मी विचारलं. “नाय बाई.” “काही उरलं?” “बोटभर तुकडा नाय.” मी अध्यक्षांकडे कशा नजरेने पाहिलं असेल, त्याची तुम्ही कल्पना करू शकता. आणि घरात नव्या पडद्याची लांबी तीनदा मोजणाऱ्या तुमच्या आजीने त्या दिवशी एकही फळी मोजली नाही. कागद बरोबर होता, मग मोजायचं कशाला?

त्यानंतरची कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगत राहिले. नव्या शिक्षकांना, पालकांना, तपासणीला आलेल्या पाहुण्यांना. कचरा कसा टाळावा यावर मुलांसमोर बोलायचं असलं, की माझं ठरलेलं उदाहरण हेच. एकदा मी पाहुण्यांना ती रंगवून सांगत होते आणि नेमके दाऊदभाई खिडकीची कडी बसवत होते. मी म्हटलं, “हे बघा, साक्षीदारच इथे आहेत. विचारा त्यांना!” त्यांनी मान वळवली नाही. स्क्रू आवळत म्हणाले, “बाईंचा कागद होता म्हनून झालं.” मला वाटलं, लाजाळू माणूस आहे.

चार वर्षांपूर्वी ते कायमचे गावी गेले. जाताना घरी आले होते. आजोबांनी विचारलं, “आता काय करणार दाऊदभाई?” तर म्हणाले, “साहेब, इतकी वर्सं दुसऱ्यांची दारं केली. आता आमच्या जुबेदाच्या सैपाकघराचं दार करतो. पंचवीस वर्सं ती गोणपाट लावून बसलीय.” जुबेदा त्यांची बायको. तिचं नाव ते क्वचितच घेत. आम्ही सगळे हसलो, पण त्यांचे डोळे ओले होते... त्यानंतर दोन ईदला आणि एकदा माझ्या वाढदिवसाला फोन, एवढंच बोलणं झालं.

यंदा शाळेची नवी इमारत तयार झाली. मी निवृत्त असले, तरी वाचनालय हलवायचं काम माझ्याकडे आलं, कारण जुन्या फायली फक्त मलाच सापडतात. नव्या भिंतीवर कपाटं कशी बसतील, हे पाहायला मी पोलादी टेप घेऊन गेले. पहिली फळी मोजली. बत्तीस इंच असायला हवी होती, ती एकतीस इंच आणि सव्वासात सूत भरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडचे सुतार त्यातच मोजतात, आणि दाऊदभाईंनी मलाही ती सवय लावली होती. वाटलं, टेपचं टोक कडेच्या आत धरलं गेलं असेल. दुसरी मोजली. तीही तेवढीच. रुंदी मोजली, ती अकरा इंच सव्वासात सूत. पाऊण सूत कमी. मग मी खाली बसून बारा कपाटांच्या, प्रत्येकी पाच, अशा साठही फळ्या मोजल्या. प्रत्येक फळी, लांबीला पाऊण सूत कमी, रुंदीला पाऊण सूत कमी. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. जुन्या वाचनालयात, माझ्या हिशोबाने दाराला भिडायला हवी होती त्या कपाटांच्या रांगेत आणि दाराच्या चौकटीत इंचभर फट होती. मुलांच्या पेन्सिली तिच्यात पडायच्या, आणि मी त्याचा दोष नेहमी भिंत बांधणाऱ्या गवंड्याला दिला होता. बारा कपाटं, प्रत्येकी पाऊण सूत, म्हणजे नऊ सूत. इंचभर आणि वर एक सूत. फट मोजली. तेवढीच होती.

घरी येऊन फाईल काढली. आलेख-कागदावर माझ्या बारीक, सुबक रेषा होत्या. करवत लाकडातून जाते तेव्हा दातांच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातं, साधारण एक सूत. चार पट्ट्या काढायला तीन वेळा करवत चालते. तीन सूत लाकूड जातंच. माझ्या कागदाप्रमाणे एकेक पट्टी पुरी बारा इंच काढत गेले असते, तर प्रत्येक शीटातली शेवटची पट्टी तीन सूत अरुंद निघाली असती, नऊच्या नऊ शीटांत. माझा पैजेचा शब्द गेला असता, तोही सगळ्यांच्या देखत. हेच ते विचारत होते. रेघ ठेवू की खाऊ? आणि मी त्यांना भूमिती शिकवली. आम्ही चहाला गेल्यावर त्या माणसाने अंगणात एकट्याने बसून तीन सुतांचे चार वाटे केले, माझ्या चुकीचा पाऊण-पाऊण सूत हिस्सा प्रत्येक पट्टीला सारखा दिला, लांबीत दोनच सूत जातात तरी उरलेला पाव सूत घासून तिथेही माप तेच ठेवलं, आणि कुणाला काही कळू दिलं नाही. मलासुद्धा नाही. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, लाकूड आकसतं.” मी म्हटलं, “प्लायवूड असं आकसत नाही. आणि आकसलंच, तर साठ फळ्या एकमेकींना विचारून आकसत नाहीत.” त्यांनी आलेख-कागद जवळ ओढून पाहिला. मग म्हणाले, “फोन कर.” मी यादीत लिहिलं. त्याला अकरा दिवस झाले, आणि मग तो बुधवार आला.

तिसऱ्या दिवशी फोनवर जुबेदाशी बोलले, पण घर माणसांनी भरलेलं होतं. मला काही सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात शाळेच्या समितीची बैठक होती. तिथे मी उभी राहिले आणि कागद दाखवून सगळं सांगितलं. नवे सभासद आहेत, तरुण आहेत. एकजण समजुतीने म्हणाला, “मॅडम, टू मिलिमीटर्सच तर आहेत.” मी म्हटलं, “हो. तेवढ्यासाठी मी एका माणसाला सगळ्यांसमोर हसले होते.”  इतिवृत्तात ते लिहून घ्यायला लावलं. तरी माझं समाधान झालं नाही. जिथे बोलायचं, तिथे बोललेच नव्हते.

शेवटी गेल्या शुक्रवारी, साडेबारा वाजता, मी जुबेदाला पुन्हा फोन केला. मुद्दे लिहिलेली वही समोर होती. पहिल्या मुद्द्यालाच मी ती मिटली. कशीबशी सगळी हकिकत सांगितली.  मग ती खुदकन हसली.

“बाई, ते मना ठाऊक हाय. त्याच वर्षीच्या सुट्टीत येऊन सांगितलेलं त्यांनी. मी म्हनलं, मग बाईंना सांगायचं की, त्या काय खातात काय तुमाला?”

“मग? काय म्हणाले?”

“म्हनले, ‘बाईंनी मना रेघ खायला दिली, मी खाल्ली. खाल्ल्या अन्नाचं सांगत फिरतात काय?’” ती पुन्हा हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मलाही.  मग ती म्हणाली, “माफी कसली बाई... त्यांना तुमचा राग नवता. पन तुमी फोन केलात, ते बरं केलंत. आता या घरात त्यांच्या कामाचं कोन बोलतं?”

मी विचारलं, दार झालं का? झालं म्हणाली, दोन वर्षांपूर्वीच. आता ती ते रात्रीसुद्धा लावत नाही, उघडंच ठेवते. दार केल्यावरही ते रोज पडवीत काही ना काही कापत बसायचे. शेजाऱ्याचा पाट, मशिदीतली कुराण ठेवायची रेहाल, कुणाचं काय. पडवी आता आवरली आहे, हत्यारं जावई घेऊन गेला.

“पन भुसा निघतोच बाई,” ती म्हणाली. “पडवीच्या फरशीच्या सांध्यातनं. दोन टायम झाडू मारते, तरी सकाळी परत थोडा असतोच.”

“राहू दे की मग,” मी म्हटलं.

“छे! घर झाडायला नको?” मग म्हणाली, “झाडते मी. पन हळू झाडते.”